माळावरचं गवत, त्याचं बी आणि त्याचे उपयोग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुरंदरच्या पूर्वेकडे आमचा सव्वातीन एकराचा माळ आहे. मुरमाड, वरकस, जेमतेम वीतभर माती. गेली अकरा वर्षं त्यावर आम्ही गवताशिवाय दुसरं काही घेतलेलं नाही. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे त्याचं बी गोळा करतो, थोडं स्वतःला ठेवतो, थोडं मागणाऱ्यांना देतो. माळ बघायला जी माणसं येतात त्यांचे प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत.

गवत म्हणजे नक्की काय? जनावरं खातात ती सगळी हिरवळ गवतच ना?

नाही. गवताची काडी गोल असते, तिला पेरं असतात आणि दोन पेरांमधला भाग बहुतेक वेळा पोकळ असतो. पान पेरापासून निघतं, आधी काडीला म्यानासारखं गुंडाळतं आणि मग वर जाऊन बाहेर वळतं. जिथे वळतं तिथे आतल्या बाजूला एक पातळ पापुद्रा किंवा बारीक केसांची ओळ असते. ज्वारीच्या ताटाचं एक पान खाली ओढून पाहा, या सगळ्या खुणा मोठ्या आकारात दिसतील.

लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण त्याची काडी दोन बोटांत धरून फिरवली की तीन कडा लागतात. तो मोथ्याच्या कुळातला. गाजर गवताच्या नावात गवत आहे, पण ते सूर्यफुलाचं भावंड आहे. आपल्या देशात त्याची पहिली ठळक नोंद पुण्यात १९५० च्या दशकात झाली. लसूणघास आणि बरसीम ही तर हरभरा-मुगाच्या नात्यातली. चारा म्हणून ती उत्तमच आहेत, पण गवत नाहीत.

मग ज्वारी, बाजरी, भात हीसुद्धा गवतंच का?

हो. गहू, मका, नाचणी, वरी, राळा, ऊस, बांबू, सगळी एकाच कुळातली. भाकरी, भात, पोळी, चहातली साखर, सूप, टोपली यांतलं बरंचसं गवतापासूनच येतं. आपण ज्याला धान्य म्हणतो ते गवताचं बीच आहे. कधीतरी कुणीतरी मोठ्या दाण्याचं, कणसातून न झडणारं बी निवडून ठेवलं, पुन्हा पेरलं, पुन्हा निवडलं, आणि हजारो वर्षांत त्याचं धान्य झालं. माळावरच्या गवताच्या बाबतीत असं झालं नाही. त्याचा दाणा बारीक राहिला आणि पिकला की झडायची खोडही राहिली. पुढची जवळपास सगळी उत्तरं या झडण्यापाशी येऊन थांबतात.

आपल्याकडच्या माळावर कोणती गवतं असतात? त्यातलं चांगलं कोणतं?

दबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये देशातल्या गवताळ भागांची पाच प्रकारांत विभागणी केली. त्यात आपलं दख्खनचं पठार शेडा आणि मारवेल या गवतांच्या पट्ट्यात येतं. म्हणजे माळाला त्याच्या मर्जीने वाढू दिलं तर शेवटी तिथे शेडा आणि मारवेल यांचं राज्य येतं.

मारवेल भारी किंवा मध्यम, काळसर जमिनीत चांगलं येतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं. जनावरं ते आधी शोधून खातात. शेडा आणि डोंगरी हलक्या, मुरमाड जमिनीतही तग धरतात. पवना जास्त पावसाच्या भागातला. अंजन कमी पावसात, वाळूसर जमिनीत टिकतं. कुसळ सगळीकडे असतं.

आता महत्त्वाची गोष्ट. माळ बारमाही चारला की सगळ्यात आधी मारवेल आणि शेडा जातात, कारण जनावरं तेच ओरबाडून खातात आणि त्यांना बी धरायला सवडच मिळत नाही. त्यांच्या जागी कुसळ पसरतं. आणखी चारला की कुसळही विरळ होतं आणि काटक्यांसारखी बारीक, जनावर तोंड न लावणारी गवतं उरतात. तेव्हा कुणाचाही माळ बघायला गेले की मी आधी गवत किती उंच आहे ते बघत नाही, मारवेलाचं कडं कुठे दिसतं का ते शोधते. कुंपणाच्या कडेला, बाभळीच्या बुंध्याशी, करवंदीच्या जाळीत ते बहुतेक वेळा लपून राहिलेलं असतं. तेवढ्यावरून माळ परत आणता येतो.

गवताचं बी कुठे असतं? तुऱ्यातून हातात नुसता भुसाच येतो.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो अगदी रास्त आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

मारवेलाचा पिकलेला तुरा घ्या. बोटांसारख्या चार-सहा जांभळट फांद्या एकाच जागेवरून निघालेल्या असतात. एक फांदी तळहातावर चोळा. लव असलेले, कागदाच्या कपट्यासारखे हलके तुकडे सुटतील. हे बी नव्हे, हे कणिश. नीट पाहिलं तर कणिशं जोडीने येतात. एक काडीला चिकटून बसलेलं, त्याला करडी, वळणदार कूस, म्हणजे केसासारखी बारीक शेपटी असते. दुसरं छोट्या देठावरचं, बिनकुशीचं. दाणा भरतो तो कूस असलेल्या कणिशात. देठावरचं जोडीदार कणिश वांझ असतं. म्हणजे हातातला निम्मा माल दाण्याविनाच असतो, आणि तो तसाच असायचा.

आता कूस असलेलं एक कणिश नखांनी सोला. बाहेरची दोन टरफलं काढली की आत पापुद्रे, आणि त्याच्या आत, असला तर, मधाच्या रंगाचा एक दाणा. राजगिऱ्याहून लांबट, त्याहून बारीक. नखाखाली दाबला तर टणक लागला पाहिजे. चिकासारखं काही आलं तर कच्चा, आणि काहीच लागलं नाही तर पोकळ. मी पहिल्या वर्षी हे शिकले नव्हते. एका विक्रेत्याकडून पाच किलो मारवेलाचं बी म्हणून पोतं घेतलं, जूनमध्ये सगळं फेकलं, आणि काडीही उगवली नाही. तळाशी उरलेलं नंतर सोलून पाहिलं तर शंभर कणिशांत नऊ दाणे निघाले. तेव्हापासून विकत घ्यायचं असो की द्यायचं असो, आधी शंभर सोलून मोजते.

बी पिकलं हे कसं ओळखायचं? गोळा कसं करायचं?

तुरा मुठीत सैल धरून खालून वर हात ओढा. कणिशं आपोआप हातात आली तर पिकलं. ओढावं लागलं, काडी हलली, तर अजून आठवडा थांबा. तुऱ्याच्या टोकाची दोन-चार कणिशं आधीच झडलेली दिसली की तोच योग्य दिवस.

आमच्याकडे मारवेल आणि शेडा ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पिकतात. पाऊस लांबला तर तेवढे दिवस पुढे जातात. एकाच ठोंबावरचे सगळे तुरे एका दिवशी पिकत नाहीत, म्हणून एकदाच जाऊन भागत नाही. आम्ही चार-पाच दिवसांच्या अंतराने तीन फेऱ्या मारतो. कमरेला ओटी बांधायची, दोन्ही हातांनी तुरे ओरबाडायचे. सकाळी दव असताना जाऊ नये, बी ओलं येतं आणि पोत्यात तापतं. ऊन चढल्यावर दहा ते एक ही वेळ चांगली. दुपारी वारा सुटला की हातात येण्याआधीच बी उडतं.

विळ्याने कापून पेंढ्या बांधून आणल्या तर काम लवकर होतं, पण निम्मं बी वाटेत सांडतं. तसंच करायचं असेल तर खाली जुनं लुगडं किंवा ताडपत्री अंथरून तिच्यावर पेंढ्या ठेवा.

एक गोष्ट अजून. सगळं बी गोळा करू नका. माळावर मुंग्यांच्या बिळाभोवती टरफलांचं सोनेरी कडं दिसतं ना, ती त्यांनी याच दिवसांत नेलेल्या बियांची टरफलं. मनोल्या आणि चंडोलही यावरच असतात. आणि जे कुणीच नेत नाही ते पुढच्या जूनचं गवत.

ताजं बी लगेच पेरलं तर चालेल का?

पेरून उपयोग नाही. माळावरच्या बहुतेक गवतांचं बी झडल्यावर काही महिने झोपलेलं असतं. यामागचं कारण साधं आहे. नोव्हेंबरात एखादा अवकाळी पाऊस पडला आणि बी लगेच उगवलं तर पुढचे सहा महिने कोरडे, रोप जळून जाईल. म्हणून ते थांबतं. कुसळाचं आणि अंजनाचं बी सहा महिने ते वर्षभर जुनं झालं की चांगलं उगवतं.

सावलीत तीन-चार दिवस पसरून वाळवा, चोळून काड्या काढा, सुती पिशवीत किंवा गोणपाटात भरून टांगून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. कडुलिंबाचा वाळलेला पाला घालतो आम्ही. दुसऱ्या वर्षीचं बी मला सगळ्यात खात्रीचं वाटतं. तीन वर्षांनंतर मात्र उगवण पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये.

तपासायची पद्धत सोपी आहे. मे महिन्यात ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर शंभर कणिशं मोजून ठेवा, वर दुसरा ओला तुकडा, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. चौदा दिवसांनी कोंब मोजा. तीस आले तरी माळाच्या गवतासाठी ते बरं बी आहे. भाजीपाल्याच्या पाकिटावरचे ऐंशी-नव्वदचे आकडे इथे लावू नयेत.

पेरायचं कसं? एकरी किती बी लागतं?

अंजनाचं बी एकरी दोन ते अडीच किलो पुरतं. मारवेल, शेडा यांचं प्रमाण ठामपणे सांगता येत नाही, कारण बी किती भरलेलं आहे त्यावर सगळं अवलंबून. भरलेलं असेल तर तीन किलो बास, पोकळ असेल तर दहा किलोनेही भागणार नाही.

बी लवदार असल्यामुळे एकमेकांत गुंततं आणि मूठभर एकाच जागी पडतं. त्यावर उपाय म्हणजे ओलसर बारीक माती किंवा चाळलेलं शेणखत बियांच्या चौपट घ्या, हाताने चोळून मिसळा आणि मग फेका. काहीजण माती, शेण आणि बी यांच्या गोळ्या वळतात, त्याही चालतात. वाऱ्याने उडत नाहीत आणि मुंग्या लगेच नेत नाहीत.

नांगरट करू नका. माळाची वीतभर माती उलथली की पहिल्याच वळवाच्या पावसात ओढ्याला जाते. कुदळीने किंवा दाताळ्याने उताराला आडव्या रेघा ओरखडा, त्यात बी टाका आणि काटेरी फांदी ओढून वरवर माती लोटा. एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलेला दाणा बाहेर येत नाही, एवढी त्यात ताकदच नसते. वेळ जूनचा पहिला चांगला पाऊस झाल्यावरची.

पहिल्या वर्षी माळावर जनावर सोडू नका, विळाही लावू नका. बघायला आलेले लोक म्हणतात, काहीच उगवलं नाही. पहिल्या पावसाळ्यात मारवेलाचं रोप बोटभर असतं आणि तणात दिसतही नाही, त्याचं सगळं काम जमिनीखाली चाललेलं असतं. आमच्या माळावर मारवेल नजरेत भरलं ते तिसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. सासूबाई तेव्हा बांधावर बसून बराच वेळ बघत होत्या आणि म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी इथे असंच होतं.

घाई असेल, थोडं क्षेत्र असेल, तर बियाऐवजी मारवेलाचे ठोंब फोडून लावा. दोन ओळींत ५० सेंटिमीटर, दोन ठोंबांत ३० सेंटिमीटर अंतर. पावसाच्या झडीत लावलेले ठोंब बहुतेक सगळे जगतात.

चाऱ्यासाठी गवत कधी कापावं? बी धरू दिलं तर गवत वाळून जात नाही का?

खरी अडचण इथेच आहे. चारा म्हणून गवत सगळ्यात कसदार असतं ते निम्मे तुरे फुलोऱ्यात आले असताना. बी पिकून झडेपर्यंत थांबलं तर काडी निबर होते, प्रथिनं जवळपास निम्म्यावर येतात आणि म्हशीला ते नुसतं पोट भरायला होतं. म्हणजे चांगल्या चाऱ्यासाठी लवकर कापावं आणि बियासाठी थांबावं, असं दोन्हीकडून ओढलं जातं. ज्याच्या दारात चार जनावरं उभी आहेत त्याला थांबा म्हणून सांगणं सोपं नाही, याची मला जाणीव आहे.

आम्ही माळाचे चार वाटे केले आहेत. दगडांच्या खुणा, बाकी काही नाही. दरवर्षी तीन वाटे फुलोऱ्यात कापतो आणि एक वाटा बियाला सोडतो. त्यातलं बी गोळा करून, उरलेलं झडू देऊन, डिसेंबरात काडी कापतो. ती गोठ्यात खाली अंथरायला आणि कडब्यात मिसळायला जाते. पुढच्या वर्षी दुसरा वाटा. चार वर्षांत प्रत्येक कोपऱ्याला एकदा बी पाडायला मिळतं. ज्या वर्षी पाऊस कमी झाला त्या वर्षी मोह होतो की राखलेला वाटाही कापून टाकावा. एकदा कापला होता. त्या वाट्यात पुढची दोन वर्षं मधेमधे उघडा मुरूम दिसत होता.

कापताना जमिनीपासून चार बोटं वर कापा. अगदी मुळाशी खरडलं तर ठोंब पुन्हा फुटायला फार वेळ घेतो.

आदर्शगाव म्हणून नाव झालेल्या हिवरे बाजारने चराईबंदी केली तेव्हा गवत बंद केलं नव्हतं, मोकळं चरणं बंद केलं होतं. विळ्याने कापून न्यायला मोकळीक होती. जनावराचं तोंड बी बघत नाही, माणसाचा विळा बघू शकतो.

गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं, हे खरं आहे का?

पहिल्या पावसात हिरवा कोंब लवकर दिसतो एवढंच खरं. वणव्यात जमिनीवर पडलेलं मारवेल-शेड्याचं बी जळतं. कुसळाचं बी मात्र स्वतःला मातीत पुरून घेतं, त्यामुळे ते वाचतं. दरवर्षी जाळलेल्या माळावर काही वर्षांत कुसळच कुसळ होतं ते यामुळे. शिवाय घरटी, सापसुरळ्या, ससे, कुजून खत झालं असतं तो पालापाचोळा, सगळं जातं. फेब्रुवारीतच माळाच्या कडेने दहा फूट रुंद पट्टा खरडून साफ ठेवा. आमचा माळ दोनदा त्याच पट्ट्याने वाचला आहे.

कुसळ कपड्यात, मेंढीच्या लोकरीत घुसतं. ते असं आत आत कसं जातं?

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, ही म्हण ज्यावरून आली तीच ही कूस. धान्याच्या कणसालाही असते, पण कुसळ गवताची सगळ्यात जबर. दाण्याच्या खालच्या टोकाला सुईसारखा कडक काटा, त्यावर मागे वळलेले ताठ केस, आणि वर बोटभर लांबीची तपकिरी, दोरीसारखी पिळलेली शेपटी.

एक करून पाहा. वाळलेली एक कूस टेबलावर ठेवा आणि तिच्या पिळावर पाण्याचा एक थेंब सोडा. काही क्षणांत ती जिवंत असल्यासारखी गोल फिरू लागते, पीळ उलगडतो. वाळली की उलट फिरून पुन्हा पीळ भरतो. जमिनीवर पडलेलं बी रात्रीच्या दवाने एकीकडे आणि दिवसाच्या उन्हाने दुसरीकडे असं फिरत राहतं, काटा मातीत शिरतो, आणि मागे वळलेल्या केसांमुळे परत बाहेर येत नाही. मुलांना हे दाखवा, विसरणार नाहीत.

हेच लोकरीत घडलं तर काटा मेंढीच्या कातडीत जातो, गाठी होतात, तोंडात जखमा होतात. म्हणून कुसळ पिकायच्या आत, सप्टेंबरपर्यंत, ते कोवळं असताना चारावं किंवा कापावं. कोवळं कुसळ चांगला चारा आहे. बी झडून गेल्यावरही जनावरं काडी खातात. मधला महिना-दीड महिना मात्र मेंढरं त्यात घालू नयेत. कुत्र्याच्या पंजाच्या बेचक्यात किंवा कानात कूस गेली असेल तर उपटायच्या नादात ती मोडते. कानात असेल तर सरळ पशुवैद्याकडे न्या.

नेपिअर गवताचं बी ऑनलाइन मिळतंय. घ्यावं का?

घेऊ नका. आपल्याकडे गोठ्यासाठी लावतात ते नेपिअर म्हणजे बाजरी आणि हत्ती गवत यांचा संकर. बाजरीची गुणसूत्रं १४, हत्ती गवताची २८, संकराला येतात २१. ती जोडीने नीट वाटली जात नाहीत, म्हणून तुरा आला तरी त्यात दाणा भरत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे यशवंत आणि फुले जयवंत हे वाण असोत की दुसरे, लावायचे ते दोन डोळ्यांची कांडीच. पाकिटात जे येतं ते नेपिअरचं बी नसतं.

हरळी आणि दूर्वा एकच का? शेतातून ती जातच नाही.

एकच. गणपतीला एकवीस दूर्वा वाहतो तेव्हा कोवळ्या, तीन पानांच्या खुडतो, आणि त्याच दूर्वा उसात शिरल्या की तिला हरळी म्हणून शिव्या घालतो. ती बियाने फारशी पसरत नाही, जमिनीखालच्या काशांनी पसरते. त्यामुळे ओल्या रानात रोटाव्हेटर फिरवला तर एका काशीच्या पन्नास होतात. एप्रिल-मेमध्ये खोल नांगरून काशा उन्हात उघड्या पाडायच्या, वेचायच्या आणि बांधाबाहेर टाकायच्या, हाच जुना इलाज अजून कामाला येतो. बांधावर आणि चराच्या भरावावर मात्र हरळी हवीच, माती धरण्यात तिच्यासारखी तीच.

वाळा, गवती चहा, रोशा यांचंही बी पेरतात का?

वाळ्याचे आणि गवती चहाचे ठोंबच लावायचे. गवती चहा आपल्याकडे क्वचितच फुलतो. वाळ्याची मुळं सरळ खाली तीन मीटरपर्यंत जातात. उतारावर आडवी ओळ लावली की पाणी अडतं, माती साचते आणि काही वर्षांत आपोआप पायरी तयार होते. माठातल्या पाण्यात टाकायची मुळी आणि उन्हाळ्यातल्या ताट्या याच्याच. मुळं काढायची असतील तर ती ओळ बांधावर लावू नका, खणताना बांध फुटतो.

रोशा मात्र बियाने येतो. मेळघाटाकडे त्याला तिखाडी म्हणतात. फुलोऱ्यातल्या शेंड्यांपासून गुलाबाच्या वासाचं तेल निघतं. खानदेश-वऱ्हाडच्या जंगलांतून हे तेल एके काळी मुंबईमार्गे तुर्कस्तानापर्यंत जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं.

पूजेचा दर्भ कोणता? कधी काढतात?

दर्भ हे ताठ, धारदार पात्याचं गवत आहे, पाणथळ काठावर आणि खारवट जमिनीत येतं. श्रावण अमावास्येला, म्हणजे पिठोरीला, वर्षभराचा दर्भ काढायची रीत आहे. त्या अमावास्येला दर्भग्रहणी असंही म्हणतात. ओरबाडू नका, हात कापतो.

भगर हेही गवताचंच बी ना? मग उपवासाला कशी चालते?

वनस्पती म्हणून पाहिलं तर भगर, म्हणजे वरी, ज्वारी-गव्हाच्याच कुळातली. राजगिरा त्या कुळातला नाही, तो माठाच्या भाजीच्या नात्यातला. उपवासाला काय चालतं हे कुळावर ठरलेलं नाही, रीतीने ठरलेलं आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून कोकणात देवभात खातात, तो तळ्याकाठी न पेरता येणारा रानटी भात. नांगराविना आलेलं धान्य वेगळं मानण्याची ती जाणीव मला फार मोलाची वाटते.

भगरीबाबत एक काळजी घ्या. तिच्यावर बुरशी लवकर धरते आणि नवरात्रात, महाशिवरात्रीला विषबाधेच्या बातम्या येतात त्या बहुधा यामुळे. सुटी, जुनी भगर घेऊ नका. निवडा, धुवा, तयार पीठ आणून साठवू नका. कोकणातला हरीकही बुरशी लागलेला असेल तर खाल्ल्यावर झिंग येते, चक्कर येते.

ज्वारीची कोवळी पोंगं खाऊन गाय दगावली असं ऐकलं. माळाच्या गवतानेही असं होतं का?

मारवेल, शेडा, डोंगरी यांचं असं काही पाहिलेलं नाही. ज्वारीच्या कोवळ्या रोपात आणि पावसाने ताण दिल्यावर फुटलेल्या धुमाऱ्यांत मात्र सायनाइड तयार करणारा घटक असतो. यालाच किरळ लागणं म्हणतात. जनावर धापा टाकतं, थरथरतं, पडतं, आणि हे सगळं फार झपाट्याने होतं. घरगुती उपायात वेळ घालवू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा. वेळेत इंजेक्शन मिळालं तर जनावर वाचतं. ज्वारी फुलोऱ्यात आल्याशिवाय हिरवी घालूच नये. वाळलेल्या कडब्याला ही भीती फारशी नाही.

माळ रिकामा पडलाय. झाडं लावावीत का?

माळ रिकामा नाही. सरकारी कागदांत त्याची गणती पडीक जमिनीत होते, त्यामुळे आपणही तसंच म्हणायला लागलो. चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक हे उघड्या माळावरचे जीव आहेत. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य आणि सोलापूरकडचं नान्नज ही दोन्ही गवताळ माळाचीच अभयारण्यं आहेत. नान्नजला माळढोक राहायचा तो गवत होतं म्हणून.

आमच्या शेजारच्या माळावर एका वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात यंत्राने खड्डे घेतले गेले. माती बाहेर आली, रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात वाळली, आणि खड्ड्यांच्या भरावावर आज गाजर गवत आहे. त्या जागी मारवेलाचे ठोंब होते, मी स्वतः तिथून बी आणलं होतं. बांधाला, ओढ्याकाठी, घराभोवती झाडं जरूर लावा. कड्याकपारीला आपसूक आलेली बोर, हिवर राखा. उघडा माळ गवताला राहू द्या.

खात्रीचं बी किंवा ठोंब कुठे मिळतील?

राहुरीच्या कृषी विद्यापीठात चारा पिकांवर काम चालतं, तिथे मारवेलाचे सुधारित वाण आणि नेपिअरची कांडी यांची चौकशी करा. उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेतही चारा बियाणं आणि ठोंब मिळतात. झाशीची चारा आणि गवताळ प्रदेशांवरची राष्ट्रीय संशोधन संस्था १९६२ पासून हेच काम करते, तिचं एक केंद्र धारवाडला आहे. ते आपल्या सोलापूर-कोल्हापूरच्या लोकांना जवळ पडतं.

पण त्याआधी तुमच्याच शिवारात एकदा हिंडा. ऑक्टोबर संपता संपता, ऊन चढल्यावर, गुरं पोचत नाहीत अशा जागा शोधा. स्मशानाची कड, देवराई, रेल्वेच्या कुंपणाची आतली बाजू, जुन्या गडाचा उतार. तिथे पेरावर पांढरं कडं असलेली काडी सापडली तर तुरा मुठीत धरून खालून वर हात ओढा. तुमच्या मातीला, तुमच्या पावसाला सरावलेलं बी ते हेच. धान्याच्या दोन मुठींएवढं मिळालं तरी सुरुवातीला एका गुंठ्याला पुरतं. देवराईतून घ्यायचं असेल तर आधी गावाला विचारा.